प्लास्टिकच्या बैलांचा रंग उतरवला तवा

आमच्या मालकांचं, म्हंजे घरधन्याचं, डोळं गेलं तवा दावनीला बैलजोडी व्हती. कोऱ्हाळ्याहून सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊस वाहायची गाडी त्यांची. काचबिंदू हाय हे कळलंच न्हाय. ते आपलं म्हनायचं, धुरळ्यानं अंधारी येती. बारामतीच्या डाक्टरनं बॅटरी मारून बघितलं आन् म्हनला, "बाबा, उशीर झाला. गेलं ते माघारी यायचं न्हाय." येष्टीत बसल्यावर मालक एवढंच म्हनलं, "बैल इकावं लागत्याल."

जोडी सांगवीच्या एका शेतकऱ्यानं नेली. मानूस चांगला व्हता. न्हेताना मालकांनी दोघांच्या अंगावरनं हात फिरवला. डाव्या बैलाच्या मानेवर जुवानं घट्टा पडल्याला, सुपारीएवढा. त्यावर त्यांचा अंगठा लई येळ ऱ्हायला. मग म्हनलं, "न्या." मी शेन काढत व्हते, तशीच काढत ऱ्हायले. दुसऱ्या दिवसापासनं मला लोकांच्या उसात खुरपायला जायचं व्हतं.

त्यानंतर मालक वट्यावर बसून असायचं. च्या म्होरं ठिवला तर गार व्हायचा. बोलनं न्हाय, भांडन न्हाय. भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. नुसती बोटं हलायची, कासरा धरल्यावानी.

माझं माहेर इंदापूरकडं. तितं गेल्ते तवा बाजारात प्लास्टिकची बैलं दिसली. पांढरी, तळहातावर मावतील एवढी. एक जोडी घिऊन आले. मालक म्हनलं, "म्हाताऱ्याला खेळनं आनलंस व्हय गं?" पन दिवसभर हातातनं ठिवली न्हाईत. सांजच्याला म्हनलं, "दाभन तापव." मी चुलीत दाभन तापवला, त्यांचा हात धरला आन् डाव्या बैलाच्या मानेवर दोघांनी मिळून टेकवला. जरासा धूर झाला, खड्डा पडला, कडंला वितळल्याल्या प्लास्टिकची गोल उगळी उठली. निवल्यावर त्यांनी अंगठा ठिवला.

"हां. आता वळखला."

तवापासनं रोज सकाळी आदी त्या मानेवर अंगठा, मग च्या. आन् मग बोलनं. खऱ्या बैलाच्या गोष्टी सांगायचं, कुठल्या चढाला कसा जोर लावायचा ते. मी भाकरी थापता थापता ऐकायची.

दावन मोकळी म्हून पोळ्याला आमी त्याच जोडीची पूजा करायचो. आता खऱ्या बैलाची रीत अशी, की आदी धुवायचं, मग काचंच्या तुकड्यानं शिंगं साळायची, म्हंजे जुना रंग निघून जातो, आन् मग नवा लावायचा. प्लास्टिकच्या बैलाची शिंगं कोन साळतंय? सूनबाई हौशी. दाराचा निळा रंग उरल्याला, तो लावला. म्होरल्या पोळ्याला धाकट्या दिराच्या टरॅक्टर-टरालीचा लाल. एका साली तर पाठीवर झूल काढली, मानंवर गोंडं काढलं. सगळा आईलपेंट, वाळला की दगड. बैलं बाळसं धरल्यावानी जाड झाली. आमाला कौतिक वाटायचं.

ती झूल-गोंडं वाळली तवा पोळ्याला अजून येळ व्हता. सकाळी मालकांनी जोडी हातात घेतली. अंगठा मानंवर ठिवला. परत ठिवला. मग दुसरा बैल घेतला, त्याचीबी मान चाचपली. दोन्ही खाली ठिवली.

"ह्यातला माझा कंचा?"

मी बघितलं. घट्टा रंगानं पार बुजून गेल्ता.

"शिंगं साळल्याबिगर रंग चढवत्यात व्हय?" ते म्हनलं. आवाज चढला न्हाय. "ऱ्हाऊ दे आता. परक्याची जनावरं हायती ही."

त्या दिवशी च्या गार झाला. दुसऱ्या दिवशीबी. सून कोपऱ्यात डोळं पुसाय लागली. तिला म्हनलं, "रडून रंग निघत असता तर मीबी बसले असते. ऊठ." एकदा असं गप बसल्यालं मानूस माघारी आनलं व्हतं. सारखं सारखं कुठनं आनायचं?

सुनंनं ब्लेड काढलं. मी म्हनलं, नगं, रंगाबरूबर घट्टाबी जाईल. तेवढ्यात धाकटं दीर थिनरचा डबा घिऊन आलं.

"वैनी, एका फडक्यात लख करतो बघा."

"भावजी, आदी कानाच्या टोकाला लावा. मानंला हात नगं."

कानाला लावलं. रंग निघाला, पन कानबी निघाला. गुळाच्या पाकावानी मऊ झाला आन् फडक्याला चिकटून तार सुटली. दीर फडकं मागं लपवाय लागलं. मी म्हनलं, "लपवता कुनापासनं? त्यांना दिसत न्हाय आन् मी बघितलंय."

दीर टरॅक्टरला टेकून डोकं खाजवत बसलं. मग म्हनलं, "बिरेक आईल सांडलं का वैनी, बॉनेटचा रंग पापुद्र्यावानी उचालतो. पन प्लास्टिकचं काय करंल, ठावं न्हाय."

"ते येतं कशात?"

"बाटलीत."

"कशाची बाटली?"

दीर हसाय लागलं. "प्लास्टिकची की वो!"

"मग तिला न्हाय खात, तर ह्याला कशाला खाईल? आना."

तरी एकदम बुडवला न्हाय. आदी पोटाखाली, दिसत न्हाय तितं, एक थेंब लावून ठिवला. जेवान झाल्यावर नखानं दाबून बघितलं. प्लास्टिक टनक, रंग तेवढा फुगल्याला. मग लोनच्याची काचंची बरनी घेतली, चुलीपासनं लांब, गोठ्याच्या भिताडाला ठिवली. हाताला साखरंच्या पिशव्या बांधल्या, कारन दीर म्हनलं त्यानं कातडं जळजळतं, डोळ्यात गेलं तर वाईट. दोन्ही बैल आत सोडलं, वर झाकन, झाकनावर धोंडा. कुत्र्या-कोंबडीनं तोंड घालाय नगं.

दुसऱ्या दिवशी काढलं तर रंगाला सुरकुत्या पडल्या व्हत्या, म्हातारीच्या गालावानी. जुना दात घासायचा बुरूश घेतला, हलक्या हातानं चोळलं. आदी झूल गेली. मग टरालीचा लाल. मग दाराचा निळा. एकेक पोळा हातानं माघारी जात व्हता. सून म्हनली, "आत्याबाई, जोरात घासा की." म्हनलं, "तुझ्या बापाचं भांडं हाय व्हय?" फटीत ऱ्हायल्याला रंग परत भिजवला. मग साबनाच्या पान्यानं धुतलं, दोन-चारदा, बुळबुळ जाईस्तवर. उरल्यालं आईल मोरीत वतलं न्हाय, दिराकडं माघारी दिलं.

डावा बैल पांढरा न्हाय झाला, पिवळट झाला. पन मानंवर बघितलं तर खड्डा आन् कडंची उगळी, जशीच्या तशी.

मी पदरानं पुसला आन् मालकांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. "टरॅक्टरचा वास येतोय." मग अंगठा मानंवर गेला आन् तितंच थांबला. लई येळ. मग बोटं वर सरकली, डोक्याकडं.

"कान कुठाय ह्याचा?"

दीर उंबऱ्यातनंच मागं सरकलं. मी म्हनलं, "गेला. थिनरनं."

मालकांनी जीभ टाळूला लावून टिकटिक केली, गाडीला जुपल्यावर करायचं तशी. म्हनलं, "गेला तर जाऊ दे. कान न्हाय तरी ऐकतोय बघ. तुझ्यापरास बरा हाय."

सून फसकन हसली. मी च्या ठिवाय आत गेले. जरा आतच थांबले.

त्या पोळ्याला जोडीला निस्ता गेरू लावला, पान्यात कालवून, म्हंजे धुतला की निघंल. पूजा झाली, निवद दावला. दुसऱ्या दिवशी मालकांनी बादली मागून घेतली आन् आपल्या हातानं दोन्ही बैलं धुतली. आदी डावा.