विमानाची ठिगळं

लढाईच्या त्या वर्षांत म्हैसुरात नवरात्रातल्या बोंबेत, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीत, घरोघरी एखादं विमान दिसायचं. शेजारच्या सुताराने मलाही लाकडाचं विमान करून दिलं, हातभर लांबीचं. वर्तमानपत्रातल्या चित्रात विमानाच्या अंगावर रंगांची ठिगळं होती. वरून पाहणाऱ्या शत्रूला ते जमिनीवर ओळखू येऊ नये म्हणून. रंगाऱ्याची मुलगी मी, मला रंगाची कसली चिंता? नीळ आणि हळद मिसळून हिरवा केला, काताचा तपकिरी केला, दोन्हींत डिंक घातला आणि बसले.

आमच्या घरी मुळाक्षरांच्या आधी एकच गोष्ट शिकवत: रंग रेघेबाहेर गेला की माल वाया. अप्पांनी जन्मभर लुगड्यांवर ठसे उमटवले, एक बुट्टा कधी सरकला नाही. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. वर्षभर त्यांनी ठसाही धरला नव्हता आणि कुंचलाही. नुसते ओट्यावर बसून असत. त्यांचं ते गप्प बसणं मला बघवत नसे.

फौजेतून रजेवर आलेले समोरच्या घरचे मामा माझं विमान बघून खो खो हसले.

“दोन्ही पंखांवर तीच नक्षी? दुश्मन म्हणेल, कुणीतरी लुगडं वाळत घातलंय! कडा वाकड्यातिकड्या पाहिजेत, एक ठिगळ दुसऱ्यासारखं नको. गोत्तायिता?”

समजलं होतं, हाताला समजत नव्हतं. पुसून पुन्हा रंगवलं, कडा सरळच. मुद्दाम वाकडं करायला गेले तर चक्क वेलबुट्टी उमटली. ओट्यावरून अप्पा म्हणाले, “परत नीटच झालं की गं.”

मी आधीच तापलेली. कुंचला त्यांच्यापुढे धरला. “मग तुम्हीच करा ना!”

बोलले आणि जीभ चावली. आई तांदूळ निवडायची थांबली. अप्पांनी कुंचल्याकडे पाहिलं, मग हाताकडे.

“कडेबाहेर जाईल.”

“जाऊ दे की अप्पा. तेच तर पाहिजे.”

त्यांनी कुंचला घेतला. हात थरथरत होताच. अंगणात सांडलेलं पाणी वाट काढतं तशी तपकिरी कड हिरव्यात शिरली, मागे फिरली, भलतीकडेच निघाली. मला ते सात जन्मांत जमलं नसतं. पहिल्या पंखावर त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. दुसऱ्या पंखावर ते चक्क गुणगुणायला लागले. आनंदाने मला रडूच फुटायचं बाकी होतं, म्हणून मी उगाच डिंक ढवळत राहिले.

मामा पुन्हा डोकावले, तेव्हा फक्त शेपटी राहिली होती. या वेळी ते हसले नाहीत.

“अगदी अस्संच असतं. चन्नागिदे, झकास! कुणी केलं?”

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, “मी. आणि शेपटीला कुणी हात लावू नका, ती माझी आहे.”