पहिला ठोका रिकामा

आमच्या घरात चातुर्मास म्हणजे उपासाचे चार महिने, पण देवासाठी नव्हे. वडील झाशीच्या एका बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. लग्नं बंद, की काम बंद. आई मग लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. बँडचा एकच कायदा: पहिली थाप ढोलवाल्याची. ती हुकली की वरात अडखळते, आणि पुढच्या वरातीला दुसऱ्यालाच बोलावणं जातं. वडिलांची थाप कधी हुकली नाही. त्या थापेवर मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

आता झाशीतच इलाइट चौराह्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. मागे बंगळुरूच्या एका कंपनीचं काम आलं: जुन्या रेगे गाण्यांचे इलेक्ट्रॉनिक रीमिक्स. रेगे हे जमैकाचं संगीत. सावकाश, डुलत चालतं. गिटार ठोक्यांच्या मधे वाजते. चार ठोक्यांतला पहिला पुष्कळदा कुणी वाजवतच नाही, वजन तिसऱ्यावर पडतं.

त्यातलं एक रेकॉर्डिंग गोव्यातल्या हॉटेलच्या बँडचं होतं. बेस गिटारवर, म्हणजे जाड सुरांच्या गिटारवर, अजित, आपल्या झाशीचाच. तो आता नाही. म्हणून कंपनीला परवानगीसाठी घरच्यांची सही हवी होती. घरी फक्त त्याची आई, कुसुमकाकू. माझी आई त्यांच्याकडेच पोळ्या लाटायची.

काकू म्हणाल्या, आधी ऐकीन, मग सही. अजितच्या वडिलांनी त्याला घरात गिटार आणूच दिली नव्हती. मुलगा कसा वाजवायचा हे काकूंनी कधी ऐकलंच नव्हतं. आणि कान चाललेले. बारीक आवाज गेले होते, जाड तेवढे थोडे उरले होते.

मी मन लावून काम केलं. वेग वाढवला, इलेक्ट्रॉनिक ड्रम्स टाकले. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा मिळाला होता, त्यामुळे अजितचा बेस सुटा हाताशी होता. त्यात पहिला ठोका रिकामा. मला ती जागा खुपायला लागली. तिथे सिंथचा, म्हणजे मशीनचा, बेस भरून टाकला. रेगेत ही जागा मोकळीच सोडतात हे माहीत होतं, तरी भरला. आता दणदणीत वाटलं.

काकू आल्या. त्यांनी तळहात स्पीकरवर ठेवला. मिनिटभराने काढून घेतला.

“हा अजित नाही.”

मी म्हटलं, काकू, त्याच्याच हातचं आहे.

“नाही रे बाळा. जेवताना तो ताटावर बोटं वाजवायचा. सुरुवातीची एक जागा सोडून. मी रागवायची, वाजवायचं तर नीट वाजव म्हणून. हा नीट वाजवतोय.”

सही न करता गेल्या. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेलो.

कंपनीच्या निखिलजींना फोन केला. म्हटलं, पहिला ठोका काढतोय.

“भैया, डान्स का ट्रैक है. पहला खाली रहेगा तो लोग रुक जाएँगे.”

“रुकने दीजिए. साइन तभी मिलेगी.”

ते कुरकुरले, पण सहीशिवाय त्यांचंही अडत होतं. सिंथचा बेस काढला, वेग उतरवला, ड्रम्स नव्याने बसवले. तीन दिवस गेले. वडिलांना घरी सांगितलं, तर म्हणाले, आमच्या बँडमध्ये असल्याला घरी पाठवत.

काकू पुन्हा आल्या. ह्या वेळी कान अगदीच बसले होते, त्यांना काहीच ऐकू येईना. मी आवाज वाढवला, खिडकीच्या काचा थरथरल्या, तरी नाही. डोळे मिटून त्यांनी फक्त तळहात ठेवला. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर हलायला लागली. दर वेळी पहिली जागा सोडून.

“आला,” त्या म्हणाल्या. मग बोटं न थांबवता, “उगाच रागवायची मी.”

गाणं संपलं, तरी हात तिथेच होता. मी ते परत लावलं. चौथ्यांदा संपल्यावर त्यांनी चष्मा पुसून सही केली.

माझ्या धंद्यात शिकण्यासारखं एवढंच: रिकामी जागा दिसली की भरण्याआधी विचारावं, ती कुणी सोडली आहे.

रीमिक्स निघाला. बेसपुढे अजितचं नाव आहे, त्याखाली माझं. पहिला ठोका रिकामा आहे.