त्या गाण्यातलं गाळलेलं कडवं

मला राग आलाय आणि तो लिहून उतरतो का ते बघतेय. शाळा फारशी झाली नाही माझी, तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांत एक गाणं वाजतं. गिटार, ड्रम, मध्ये आमचं मातीचं वाद्य घुमट, आणि 'चालली गो पोर खाडीपल्याड' म्हणत सगळे नाचतात. इथे मस्कतमध्येही वाजतं. माझा मामेभाऊ केस खांद्यापर्यंत वाढवून, बेलबॉटम घालून फिरायचा, त्या काळात त्याची रेकॉर्ड निघाली. गोव्याकडे जाणारे हिप्पी तेव्हा आमच्या बाजूलाही दिसायचे. भाऊ त्यांच्यात बसायचा, त्यांच्यासारखाच मळका राहायचा. मामी म्हणायची, "याला ओळखायचा तर आधी धुवायला लागेल."

ते गाणं माझ्या आईचं. रेकॉर्डवर 'पारंपरिक' छापलं होतं. परंपरा म्हणजे काय हो, झाडाला लागते?

झालं होतं असं. माझ्या धाकट्या मावशीचं लग्न आजोबांनी ठरवलं, दोन मुलांच्या विधुराशी, खाडीच्या पलीकडे. मावशी रडून रडून सुजली होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात, बायका भोवती गातात आणि गाताना नवीन ओळी जोडतात. बहुतेक थट्टेच्याच, नवऱ्याच्या टकलावर नाहीतर व्याह्याच्या दारूवर. आईची पाळी आली. 'चालली गो पोर' तिने आधी म्हटलं, ते सगळ्यांनी उचललं. मग ती म्हणाली,

रस ओतता डोईवर, हसता सारे मांडवात,
विचारलं का कोणी तिला, काय हाय तिच्या मनात?

घुमटवाला थांबला. आजोबा ओरडले, "पुरे कर!" आईने घुमटाशिवाय तेच कडवं पुन्हा म्हटलं. मी तिच्या पदराला धरून उभी होते. भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होता.

सकाळी लग्न झालंच. मावशी गेली खाडीपल्याड. त्यानंतर आमच्या नात्यात कुणी आईला गायला बोलावलं नाही. लग्नात गेली तरी ती मागच्या खुर्चीवर बसायची. आणि काही वर्षांनी तिचीच चाल, तिचंच धृपद रेकॉर्डवर. ते कडवं तेवढं नाही.

आता मी मुलाकडे, मस्कतच्या कडेला सीबला असते. यंदा आमच्या वसईकरांच्या मंडळाचा कार्यक्रम होता, बौशरच्या एका हॉलमध्ये. नात गिटार वाजवते, तिला हेच गाणं दिलं. सेक्रेटरी तरुण पोरगा, हॉटेलात मॅनेजर आहे. त्याने मोठ्या कौतुकाने मला मोबाइलवर भावाची मुलाखत दाखवली. त्यात भाऊ सांगतोय, एक गोरी हिप्पी मुलगी होती, त्याचं तिच्यावर प्रेम होतं, ती बोटीने निघून गेली, तेव्हा किनाऱ्यावर बसून त्याने हे गाणं केलं. डोळे पुसतोय मेला!

मी तिथूनच त्याला फोन लावला. "अरे, कुठली गोरी? तुझ्या अंगाला वास यायचा, कुत्रीसुद्धा जवळ येत नव्हती!"

तो हसला. "बाय, लोकांना गोष्ट लागते गो."

"गोष्ट होती की! माझ्या आईची होती."

"ते कडवं ठेवलं असतं तर लग्नात कोणी वाजवलं असतं?"

मी फोन कापला. सेक्रेटरीला म्हटलं, नात कडव्यासकट गाणार, आणि गाणं माझ्या आईचं आहे हे माइकवर सांगायचं. नाहीतर नात गाणार नाही. "खलास आंटी, झालंच समजा," म्हणाला.

नातीला कडवं मी शिकवलं. तिचं मराठी अडखळतं, तरी तालमीत असं म्हटलं की सून भाजी चिरता चिरता थांबली. नातीने विचारलं, "आजी, मग मावशीआजीचं लग्न थांबलं?" मी म्हटलं, नाही. "मग गाऊन काय झालं?" मी म्हटलं, निदान एकीने तरी विचारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदिकेने हिप्पी मुलीची गोष्ट सांगितली. किनारा, बोट, अश्रू, सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या रांगेतून "खोटं आहे ते!" म्हटलं, पण तोवर ड्रम सुरू झाले होते. नातीने माझ्याकडे बघितलं. मी बोट दाखवलं, आता कडवं घे. तिने धृपदच पुन्हा घेतलं, मग पुन्हा घेतलं, आणि सगळा हॉल उठून नाचायला लागला. सेक्रेटरीने लांबून मला अंगठा दाखवला. त्याचा अंगठा पिरगळावा असं वाटलं.

गाडीत नात रडायला लागली. "आजी, सगळे एवढे खूश होते, हसत होते, माझ्याकडे बघत होते. मला नाही जमलं."

मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना. पोर आहे."

"माझी आई गायली तेव्हा लोक हसतच होते," मी म्हटलं. "आणि सगळे तिच्याकडेच बघत होते."

सीब येईपर्यंत मी एकटीच बोलत होते.