आईच्या नावाची पाकिटं

नोटीस आली तेव्हा मी गाळ्यात मिरच्यांचे देठ काढत होते. शिरूरच्या बाजारपेठेत माझं मसाल्याचं छोटं दुकान आहे. पोस्टमनने सही घेतली आणि पाकीट टेकवून गेला. दौंडच्या कुणा वकिलाचं इंग्रजी पत्र होतं. ते मुलीने वाचून दाखवलं. मी मसाला ज्या नावाने विकते, ते नाव दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे, मी ते ताबडतोब वापरायचं बंद करावं, असं त्यात लिहिलं होतं.

ते नाव माझ्या आईचं. आणि जिच्या वतीने नोटीस आली, ती माझी सख्खी थोरली बहीण.

काळा मसाला आम्ही दोघी आईच्या हाताखाली शिकलो, वडगाव रासाईच्या घरात. लग्नानंतर मी शिरूरला आले, अक्का दौंडला गेली. मी आधी सुट्टा मसाला विकायची, मग आईचं नाव छापून पाकिटं केली. काही वर्षांनी अक्कानेही तिकडे तेच नाव घातलं. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आई दोघींचीच ना.

नोटीस घेऊन मी पुण्याच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं नीट समजावलं. अक्काने ट्रेडमार्कसाठी अर्ज केला होता. तो ट्रेडमार्क ऑफिसच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला होता आणि हरकत घ्यायला अजून मुदत होती. "तुमचा वापर जुना आहे, त्यामुळे तुमची बाजू चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण हे हयात माणसाचं नाव आहे, म्हणून ऑफिसने आईंची संमती मागितली होती. ती तुमच्या बहिणीने जोडली आहे. आईंची सही आहे तिच्यावर."

ती सही कशी झाली, ते मला आईच्याच तोंडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडगावला गेले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "व्हय, केली की सही. अक्का म्हणली, दोघींच्या धंद्याचं लायसन काढायचंय."

"दोघींचं न्हाई आई, तिचं एकटीचं. मला नोटीस आलीय."

आईने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मग आता?"

"आता तू लिहून द्यायचं, की तुला खरं सांगितलं नव्हतं."

"म्हंजी सायबापुढं मी थोरलीला लबाड म्हणायचं?"

"लबाड नको म्हणू. झालं ते सांग."

"त्येच की."

तिनेच अक्काला फोन करून बोलावलं. दुपारी अक्का आली ती रागातच. "मोठ्या दुकानवाल्यानं माल मागितला," ती म्हणाली. "पहिलाच प्रश्न, नाव रजिस्टर हाय का? मग मी केलं. तुला कुणी अडवलं होतं?"

"मग मला नोटीस कशाला?"

"ती वकिलानं धाडली. तो म्हणला, एकच नाव दोन ठिकाणी चालत न्हाई. आन् आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तवा तिचं कोण करत होतं गं? तू दिवाळीचा माल भरत होतीस."

ते खरं होतं. पण माझा राग गेला नाही. मग दोघींचे आवाज चढले. मसाल्यात दगडफूल कुणी वाढवलं इथपर्यंत आम्ही आलो. शेजारची बाई दारात येऊन परत गेली.

आई उठली. भिंतीला धरत आत गेली, तोंड धुऊन आली. "दोघींच्याबी पाकिटावरनं माझं नाव काढा," ती म्हणाली. "कुणालाच सही न्हाई माझी. तुझ्या त्या वकीलबाईला सांग तसं लिवायला."

"आई, अगं एवढ्या वर्षांचं नाव हाय ते," अक्का म्हणाली. तेवढ्यापुरत्या आम्ही दोघी एका बाजूला होतो.

"नाव माझं हाय. मला इचारलं का कुणी?"

वकीलबाई म्हणाल्या, वापराच्या जोरावर मी अजूनही लढू शकते. मी नको म्हटलं. आईने संमती मागे घेतल्याचं पत्र गेलं आणि अक्काने अर्ज काढून घेतला. मी वेगळं नाव शोधलं, वकीलबाईंनी आधी शोध घेऊन ते कुणाचं नाही याची खात्री केली, मग रीतसर अर्ज झाला. यथावकाश प्रमाणपत्रही आलं. ते मुलीने फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं आहे.

अक्काचा मसाला दौंडला तिच्या सुनेच्या नावाने चालतो म्हणे. आम्ही लग्नकार्यात भेटतो, जेवलीस का विचारतो.

मी मसाल्यात एक चिमूटही इकडची तिकडे केलेली नाही. तरी परवा रांजणगावहून जुनी गिऱ्हाईक बाई आली, नवं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "पहिल्यासारखा लागत न्हाई हो आता." मी तिला आणखी एक पाकीट दिलं, आणि ती गेल्यावर चमचाभर मसाला तळहातावर घेऊन चाखून पाहिला.