सवाष्ण असेपर्यंत

निम्मा रस्ता सरला तरी सरुबाई एक शब्द बोलली नव्हती. एरवी रविवारच्या उपासनेहून परतताना तिचं तोंड बंद नसायचं. कुणाच्या जमिनीवर कंपनी उभी राहिली, कुणाची सून राखोलीला दोऱ्याच्या मशिनीवर लागली, सगळं मला चालता चालता कळायचं. मी रांध्याच्या उपकेंद्रात नर्स होते, ती तिथून पुढच्या पाड्यावरची. रविवारच्या बसचा भरवसा नसे, म्हणून सिल्वासाहून आम्ही दोघी पायीच यायचो. हे एक्याण्णव सालचं, होळीनंतरचं.

शेवटी मीच विचारलं, "पास्टर काय म्हणाले तुम्हाला?"

"तेच. पुढच्या रविवारी नदीवर बाप्तिस्मा. पण मांडवात गाणार नाय, असं आधी सांग."

"मग?"

"मी बोलले, विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

"तेच तर मना पण कळत नाय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून चालू लागली.

सरुबाई धवलेरी होती. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात, त्याच्यासमोर बसून ती गाते, एकेका देवाला नावानं बोलावते. ती गायली नाही तर लग्न लागलं असं कुणी मानत नाही. आणि धवलेरी सवाष्णच लागते. शेजारच्या पाड्यावरची आक्काबाई सरुबाईपेक्षा चांगली गायची म्हणतात. तिचा नवरा गेला आणि त्या दिवसापासून तिला मांडवात कुणी बोलावलं नाही. त्यामुळे आसपासच्या चार पाड्यांत आता एकटी सरुबाईच उरली होती. पोरी कंपनीत जाणाऱ्या; शिकायला कुणी बसत नव्हतं.

ती आमच्यात आली ती नवऱ्यामुळे. भिकाला टी.बी. झाला होता आणि मी रोज त्याला सुई द्यायला तिच्या घरी जायची. सुई टोचण्याआधी मनात प्रार्थना करायची माझी सवय. तिनं एक दिवस बघितलं आणि विचारलं, "ओठ हलवतेस ते कोणाशी बोलतेस?" आदिवासी माणसं सगळ्यांना तूच म्हणतात, मलाही तिचं ते तू आवडायचं. मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याशी बोलेल का तो?"

मग ती येऊ लागली. सिल्वासाला भाड्याच्या खोलीत आमची मंडळी जमायची, निम्मं गुजरातीत, निम्मं मराठीत. सुरुवातीला ती चपलांजवळ बसायची. तारणाची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी जीव दिल्याची, गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिनं ती दोन रविवारांत धरली. "आमचे देव बोलावले की काहीतरी मागतात," ती मला म्हणाली. "कोंबडी माग, नारळ माग. हा तर आधीच देऊन बसला. आता मी काय देऊ?" मी म्हटलं, काही नाही, फक्त विश्वास. यावर ती बराच वेळ हसली. एवढं स्वस्त तिनं आयुष्यात काही बघितलं नव्हतं.

ललितभाई पास्टर भला माणूस. पण या एका गोष्टीत ते हलत नव्हते. ज्या तोंडानं देवीला बोलवायचं त्याच तोंडानं प्रभूचं नाव घ्यायचं, हे चालणार नाही. नवा जन्म म्हणजे जुनं मेलं पाहिजे. तिनं भर उपासनेत विचारलं, "नवा जन्म झाला बोलतोस, तर नव्या बाईला जुनी गाणी कशी येतात?" सगळे हसले, पास्टरही हसले. तोवर दोनदा तिचं नाव बाप्तिस्म्याच्या यादीत आलं आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात गायली म्हणून कापलं गेलं.

या खेपेला लग्न होतं चंदाचं. चंदाचा बाप काळू दोनदा येऊन बसून गेला होता. रागावला नाही. म्हणाला, "देव बदल, आम्ही काय बोललो? पण गळा तुझ्या एकटीचा नाय. तुना आत्यानं दिला, तिला तिच्या आत्यानं. तो कसा बुडवशील?" हातपंपावर बाया तिला बघून म्हणायच्या, "बाजूला व्हा गं, पास्टरीण आली, पाणी बाटल तिचं." हे तिनं सोसलं असतं. पण मग चंदा स्वतः आली. कडेवर पोर. आधी घर करून राहायचं आणि लग्न सवडीनं लावायचं, हे त्यांच्यात चालतं. पण लागल्याशिवाय ते पुरं होत नाही. ती उंबऱ्याशी बसली, पोराला पाजलं आणि उठून गेली.

मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आमच्या आजोबांनी नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेतला, गावकीच्या विहिरीचं पाणी तुटलं ते त्यांचं. मला काही सोडावं लागलं नव्हतं. म्हणून मला सल्ला देणं सोपं गेलं असावं.

"तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका," मी म्हटलं. "देव काहीतरी वाट काढील."

सरुबाई थांबली. रस्त्याच्या कडेला मोहाचं झाड होतं, त्याला हात लावून उभी राहिली.

"वाट आहे," ती म्हणाली. "मना दिसली ती. म्हणून तर पाय उचलत नाय."

"कोणती?"

"भिका गेला तर."

मला आधी कळलंच नाही.

"माझं कुंकू गेलं तर कोण बोलावल मना मांडवात? काळू पण नाय बोलावणार. पास्टर पण नाय विचारणार. दोघं पण सोडतील. मी मोकळी." ती माझ्याकडे बघत नव्हती. "खोकत होता तो, मी भाकरी थापत होते. आणि मनात आलं. मी नाय आणलं, शिस्टर. आपणच आलं, आणि बसलं."

"मनात येतं हो कुणाच्याही," मी म्हटलं. "आलं म्हणून लगेच पाप होत नाही."

"गोळ्या दिल्या नाय मी."

भिकाच्या सुया माघातच संपल्या होत्या. आता रोजच्या गोळ्या होत्या, वर्षभर तरी चुकवायच्या नव्हत्या. पंधरा दिवसांच्या मोजून मी तिच्याकडे देत असे, कारण तिच्याइतकं नेमानं देणारं बाईमाणूस माझ्या सगळ्या पेशंटांच्या घरांत नव्हतं. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं होतं.

"विसरलात?"

"परवा नाय दिल्या. काल पण नाय. डबी हातात होती. परत वाशात खोचली."

"त्यानं मागितल्या नाहीत?"

"तो कधी मागतो? मी देते ते खातो. इख दिलं तरी खाईल, चांगलं लागलं बोलेल."

एक ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघी तोंडावर पदर धरून उभ्या राहिलो. मग मी जे सांगायचं असतं ते सांगितलं: पश्चात्ताप केला की देव क्षमा करतो, कितीही मोठं असलं तरी. आज सकाळपासून ती रडली असेल हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"ते झालं," ती म्हणाली. "उपासनेतच मागितली माफी. त्यानं केली असंल, तो करतो. त्याचं काय नाय. पण उद्या सकाळी डबी परत माझ्याच हातात येणार ना."

मी पदरावरची धूळ झटकली.

"पास्टरना सांगायचं का?" मी विचारलं.

"सांगीन मी. बाप्तिस्मा नाय दिला तर नाय. चंदाचं गाईन का नाय ते मना आज पण माहीत नाय. ते राहू दे." आता तिनं माझ्याकडे बघितलं. "तू आत्ता माझ्यासंगती घरी चल. डबी काढून ने. तुझ्या कपाटात ठेव, कुलूप लाव. रोज उजाडलं की मी भिकाला तुझ्या दारात आणीन. तू तुझ्या हातानं त्याला गोळ्या दे, आणि गिळल्या का बघ. मी किती पण मागितल्या, रडले, देवाचं नाव घेतलं, तरी माझ्या हातात देऊ नको."