आईसाठी बाजूला काढलेला दात

विभा जपानमध्ये नागोयातल्या एका प्रयोगशाळेत जुन्या दातांचं वय काढायची. दाताची भुकटी करायची, तिच्यातला कार्बन मोजायचा, आकडा कळवायचा. माहेरी तिला थट्टेनं मेलेल्यांची डेंटिस्ट म्हणत. त्सुनामी आणणाऱ्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात लिथुआनियातून एक डबी आली. जळालेल्या गढीत सापडलेला, लहान मुलाचा दुधाचा दात.

सातशे वर्षांपूर्वी तिकडे छातीवर क्रूस मिरवणारे सरदार कडाक्याच्या थंडीची वाट पाहायचे. दलदल गोठली की घोडे आत घालता येत. मग गावं पेटवायची, गुरं हाकायची, बायापोरं बांधून न्यायची, आणि वर या सगळ्याला धर्मकार्य म्हणायचं! सरदारांची नावं आजही सापडतात. या पोराचा एवढा दातच काय तो उरलेला, आणि त्याचीही आता भुकटी करायची होती.

विभाचा हात चालेना.

तिची मुलगी मिताली सहा वर्षांची असताना इथेच तापानं गेली होती. दहनाला विभा गेली नाही. आपल्यात बायका जात नाहीत, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि ही शिकलीसवरलेली बाई मुकाट्यानं घरी बसली. जपानात घरचे सगळे मिळून चॉपस्टिक्सनी अस्थी वेचतात. दहनगृहातल्या म्हाताऱ्या सेवकानं आईची बरीच वाट पाहिली, मग राखेतून एक दात शोधून बाजूला काढला. आईसाठी, म्हणाला. विभाच्या नवऱ्यानं, नंदकिशोरनं, तो इतर अस्थींबरोबर नाशिकला गोदावरीत सोडला, आणि हे तिला सांगितलं वर्षभरानं.

"विभा-सान, मी करू का?" शेजारच्या टेबलावरून मात्सुई-साननी विचारलं.

"नको. याचीही आई शेवटी जवळ नसेल. माझ्याच हातून होऊ दे."

तिनं केलं. मास्क आतून ओलाचिंब झाला. आकडा चढायांच्या काळाशी अगदी जुळला, आणि लिथुआनियातून अभिनंदनाची मेल आली.

त्या संध्याकाळी नंदकिशोर कचऱ्यातल्या बाटल्या वेगळ्या करत बसला होता.

"नंदू, मितालीचा तो दात पुढचा होता की दाढ?"

त्याचे हात थांबले. हातातली बाटली त्यानं खाली ठेवली.

"मला नाही माहीत गं. त्या आजोबांनी हातावर ठेवला, आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. तसाच कलशात टाकला."

म्हणजे तो परका म्हातारा सोडला, तर त्यांच्या पोरीचा तो उरलेला दात कुणी पाहिलाच नव्हता.