दगडाची कावीळ

प्रा. यशवंतराव हेर्लेकर सरांची आणि माझी पहिली ओळख ताइतामुळे झाली. बी.एस्सी. होऊन मी त्यांच्या रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झालो, तो पहिला दिवस. आमचं घराणं सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारं. पोराला कॉलेजात नोकरी लागली, दृष्ट लागायला नको, म्हणून आईनं सकाळीच माझ्या गळ्यात ताईत बांधला होता. टेबलावर वाकलो की तो सदऱ्याबाहेर लोंबायचा. सर मागून आले नि शांतपणे म्हणाले, "शिकलगार, ताईत आत घाला. आम्लात बुडेल." दुसरे कोणी असते तर चार पोरांसमोर माझी टर उडवली असती. संध्याकाळी मात्र त्यांनी विचारलंच, आत काय आहे ते कधी उघडून पाहिलंत का? मी नाही म्हणालो. "मग रसायनशास्त्रात कशाला आलात?" एवढंच बोलून ते निघून गेले.

सरांचा काटेकोरपणा सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. एकदा प्रयोगात माझं एक वाचन, म्हणजे उपकरणावर वाचलेला आकडा, बाकीच्यांशी जुळेना, म्हणून मी ते हलकेच जुळवून घेतलं. सरांनी ओळखलं. रागावले नाहीत, शेजारी स्टूल ओढून बसले आणि सगळा प्रयोग माझ्याकडून पहिल्यापासून करून घेतला. माझी आई आजारी पडली तेव्हा हेच सर रोज सायकलवरून आमच्या गल्लीत यायचे. तिच्या उशाशी दर्ग्यातला अंगारा असायचा. त्याबद्दल एक अवाक्षर काढायचे नाहीत. औषध वेळेवर घेतलं का, तेवढं विचारायचे.

सरांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठीचा हा गौरवलेख मंगल असावा, असं संपादकांनी मला दोनदा बजावलं आहे. सरांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, हौसाबाईंचं लिहिणार असाल तर लिहा, नाहीतर माझ्यावर काही लिहू नका. तेव्हा आता मंगल वगैरे राहू द्या.

त्या काळात सुट्टी लागली की सर आम्हा दोघा-तिघांना घेऊन खेड्यापाड्यांत प्रयोग दाखवायला जात. पावसाळ्यात चंदगडकडं काविळीचा जोर असे आणि कावीळ उतरवणाऱ्या बुवांचाही. रोग्याचे हात पाण्यात धुतले की पाणी पिवळंधमक होतं. बघणाऱ्याला वाटतं, आली कावीळ बाहेर. सरांनी त्यातली मेख भर चावडीवर उघडी केली. बुवाच्या तळहाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो आणि बादलीत साधं पाणी नसून चुन्याची निवळी असते. दोन्ही एकत्र आलं की पिवळा रंग येणारच. सरांनी ठणठणीत सरपंचांचे हात धुतले, पाणी पिवळं. मग एका घरातून वरवंटा मागवला, तोही धुतला. पाणी पिवळं! आता दगडाला कुठली कावीळ, असं सरांनी विचारलं, तसा सगळा गाव खो खो हसला. परतीच्या एस.टी.त आम्ही काय खुशीत होतो म्हणून सांगू.

त्याच पावसाळ्यात त्या गावची हौसाबाई आपल्या नवऱ्याला, रामूला, घेऊन इकडं शहरात, राजारामपुरीत सरांच्या दारात उभी राहिली. मी तिथंच होतो. रामूचे डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं, बसल्या जागी झापड येत होती. गावातला बुवा सोडून इतक्या लांब कशाला आलात, असं मी विचारलं. तिनं सरळ सांगितलं, बुवा माणसाची कावीळ काढतो, पण सरास्नी दगडाची बी काढता येते. आम्ही चावडीवर जे काही केलं, त्यातून गावानं हे घेतलं होतं.

सर म्हणाले, आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात चला, मी बरोबर येतो. रामू हटून बसला. हौसाबाई म्हणाली, "ह्ये म्हनत्यात, सरांनी हात धुतल्याबिगार दवाखान्याची पायरी चढनार न्हाई. तेवढं हात धुवा की, मग तुमी म्हनशिला तिकडं न्हेतो."

मी सरांना आत नेलं. म्हणालो, सर, धुवा की, काय आभाळ कोसळतंय? सर माझ्यावर भडकले. जे खोटं म्हणून मी गावासमोर उघडं पाडलं, तेच घरी बसून करू? उद्या कोणत्या तोंडानं बोलू? बाहेर येऊन त्यांनी त्या दोघांना पुन्हा सगळं समजावलं. रस, निवळी, रंग, यकृत. अगदी प्रेमानं, हात जोडून. हौसाबाई मान डोलवत राहिली. मग तिनं नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि दोघं निघून गेली. दवाखान्यात ती गेलीच नाहीत. गावाकडच्या बुवानं हात धुतले, पाणी पिवळं झालं आणि चार दिवसांत रामू गेला.

दिवाळीनंतर हौसाबाई परत आली. भांडायला नव्हे; आवाजही चढवला नाही तिनं. दाराशी उभं राहून एवढंच विचारलं, "तुमास्नी येत हुतं की, सर. मग हात का धुतलं न्हाईसा?"

तीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस तो. आजही त्यांच्याकडं याचं उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडंही नाही.

त्यानंतर सरांनी प्रयोग दाखवणं बंद केलं आणि पुढच्या पावसाळ्यापासून व्हरांड्यात निवळीची बादली ठेवली. आधी दवाखाना, मग हात, अशी अट त्यांनी घालून पाहिली. लोक उठून दुसरीकडं जाऊ लागले. म्हणून आता सर आधी हात धुतात, पैसा घेत नाहीत आणि कळवळून सांगतात, आता दवाखान्यात जा. कित्येकांना स्वतः रिक्षात बसवून नेलं, त्यांतले काही जगलेही. पण व्याख्यानांची आमंत्रणं बंद झाली. हेर्लेकरांचा बुवा झाला, असं आमच्याच स्टाफरूममध्ये म्हणू लागले. आणि खरे बुवा? ते तर खूशच झाले. राजारामपुरीचे प्रोफेसरसुद्धा हेच करतात, असं ते छातीठोक सांगतात. न धुवावं तर माणूस मरतो, धुवावं तर खोटं बळावतं. ह्यातून वाट कुठली, हे ज्याला कळलं असेल त्यानं सरांना टाळ्या वाजवण्याऐवजी येऊन सांगावं.

गेल्या महिन्यात सत्काराची तारीख ठरवायला गेलो, तेव्हा शाहूवाडीकडची एक सासू आपल्या नव्या सुनेला घेऊन आली होती. सरांचे हात आता थरथरतात. त्यांनी पोरीचे हात धुतले, दवाखान्याची वाट समजावली, दोनदा वदवून घेतलं. मी त्या दोघींना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो, तर सासूनं रिक्षावाल्याला एस.टी. स्टँड सांगितलं. मी आडवा आलो. म्हटलं, मावशी, दवाखाना तिकडं आहे. ती म्हणाली, "आता कशाला वो? उतरली की." पोरीनं पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं. रिक्षा गेली.

परत आलो. सरांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. फाटकाशी पुढचा माणूस उभा होता. सर पुन्हा तळहाताला साल चोळू लागले.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. अशा प्रसंगी शतायुषी व्हा म्हणायचं असतं, आणि मी ते मनापासून म्हणतो. पण सर, वाढलेलं प्रत्येक वर्ष म्हणजे तुमच्या फाटकाशी आणखी एक पावसाळा, हे मला माहीत आहे. तुमची प्रकृती उत्तम राहो. हात स्थिर राहोत. तुमच्या दारची ही रांग तुमच्याआधी संपो. संपेल असं मला वाटत नाही. वाचन जसं आलं, तसं लिहिलं आहे, जुळवून घेतलेलं नाही.